वाचकांचे प्रश्न : कूलरची टाकी आणि ब्लूटूथचा छोटा बोर्ड

प्रश्न : मी नागपूरला प्रतापनगर भागात राहतो आणि विज्ञान शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत आमच्या कूलरची टाकी मध्यरात्रीनंतर आटते, पंप कोरडा फिरत राहतो आणि उकाड्याने जाग आली म्हणजे ते आम्हाला कळते. टाकीतील पाणी किती आहे हे मोबाईलवर पाहता यावे, म्हणून मी सीताबर्डीच्या बाजारातून ईएसपी३२-सी३ या, प्रोग्रॅम चढवता येणाऱ्या ब्लूटूथ चिपचा एक छोटा बोर्ड आणला. संगणकाला जोडल्यावर बोर्डावरचा लाल दिवा लागला, परंतु संगणकावर पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलण्याची जोडणी, काही दिसेना. नातवाने दुसरी केबल लावून पाहिली तेव्हा पोर्ट दिसला. मग इंटरनेटवरील एका धड्यातला प्रोग्रॅम चढवू लागलो, तर सिरीयल ब्लूटूथ केवळ ईएसपी३२ या चिपवरच उपलब्ध आहे, अशा अर्थाचा संदेश येऊन काम अडले. दुकानदाराने सदोष बोर्ड दिला असेल का? घरात एक अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन आहे. सुरुवात नेमकी कोठून करावी?

उत्तर : आपला बोर्ड सदोष नाही, तो परत करू नये. आपल्याला आलेल्या दोन्ही अडचणी या वाटेवर बहुतेक सर्वांना येतात आणि दोन्हींची कारणे निराळी आहेत.

पहिली अडचण केबलची होती. स्वस्त चार्जरबरोबर मिळणाऱ्या अनेक यूएसबी केबलींमध्ये फक्त वीजपुरवठ्याच्या दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या दोन तारा नसतातच. अशा केबलने बोर्डाला वीज मिळते, त्यामुळे लाल दिवा लागतो, पण संगणकाला समोर काही जोडले आहे याचा पत्ता लागत नाही. नातवाने लावलेल्या केबलला खुणेचा दोरा बांधून ती या कामासाठीच वेगळी ठेवावी.

दुसरी अडचण अधिक मुळातली आहे. ब्लूटूथ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पद्धती नांदतात. जुनी पद्धत, जिला क्लासिक म्हणतात, ती दोन उपकरणांमध्ये जणू एक अदृश्य तार ओढते. एका टोकाला अक्षरे टाकावीत आणि दुसऱ्या टोकाला ती त्याच क्रमाने बाहेर पडावीत, असा तिचा व्यवहार असतो. २०१० साली आलेल्या ब्लूटूथ ४.० या आवृत्तीने तिच्या शेजारी लो एनर्जी, म्हणजे कमी ऊर्जेवर चालणारी, बीएलई ही पद्धत आणली. बीएलईमध्ये उपकरण शाळेच्या सूचनाफलकासारखे वागते: फलकावर ठरावीक जागी ठरावीक कागद लावलेला असतो, फोन येऊन तो वाचतो आणि कागद बदलला की कळवा, असे सांगूनही ठेवू शकतो. या दोन पद्धती एकमेकींची भाषा जाणत नाहीत. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या मूळ ईएसपी३२ चिपमध्ये दोन्ही आहेत, आपल्या सी३ मध्ये फक्त बीएलई आहे आणि एस२ या त्याच घराण्यातील चिपमध्ये ब्लूटूथ अजिबात नाही. आपण घेतलेला धडा मूळ चिपसाठी, क्लासिक पद्धतीने लिहिलेला होता. घरात आयफोन आहे हे लक्षात घेता, सी३ घेणे आपल्या पथ्यावरच पडले आहे, कारण आयफोनवरील सामान्य ॲपना अशा घरगुती बोर्डाशी क्लासिक पद्धतीने बोलता येत नाही, बीएलईने येते.

आता सुरुवात. अर्डुइनोच्या, म्हणजे बोर्डासाठी प्रोग्रॅम लिहून चढवण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड मॅनेजरमधून ही चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीचा ईएसपी३२ संच बसवावा आणि बोर्ड म्हणून ईएसपी३२-सी३ निवडावा. आपल्या बोर्डाची यूएसबी जोडणी थेट चिपलाच असेल, तर त्याच टूल्स यादीतील ‘यूएसबी सीडीसी ऑन बूट’ हा पर्याय चालू करावा. तो बंद राहिला तर प्रोग्रॅम चढतो, पण सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाकडून आलेला मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, एक अक्षरही उमटत नाही आणि माणूस भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतो. त्यानंतर ब्लूटूथला हातही न लावता फक्त दिवा उघडझाप करणारा प्रोग्रॅम चढवावा. या चिपच्या अनेक छोट्या बोर्डांवर निळा दिवा ८ क्रमांकाच्या पिनवर असतो आणि पिन ‘लो’ केल्यावर तो पेटतो, ‘हाय’ केल्यावर विझतो. उलटे दिसले तर गोंधळू नये. प्रोग्रॅम चढेनासा झाला, तर बूटचे बटण दाबून धरावे, रिसेटचे बटण एकदा दाबून सोडावे आणि मग बूटचे सोडावे.

दिवा हुकमाप्रमाणे चालू लागला की संचातील उदाहरणांमधून बीएलई सर्व्हरचे उदाहरण चढवावे आणि त्यात बोर्डाला नाव द्यावे. ‘कूलर’ हे नाव पुरेसे आहे. नाव आखूड ठेवण्याचे कारण असे की, बोर्ड स्वतःची जी जाहिरात हवेत सतत सोडत असतो, तिच्या नेहमीच्या प्रकारात जेमतेम ३१ बाइट मावतात आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह त्यातील ३ बाइट घेते. फोनवर एनआरएफ कनेक्ट हे मोफत ॲप घ्यावे. ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी आहे. हा बोर्ड फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये शोधू नये आणि तेथे पेअरिंगही करू नये, तो ॲपमध्येच दिसतो. अँड्रॉइडच्या ६ ते ११ या आवृत्त्यांमध्ये ॲपला लोकेशनची परवानगी दिल्याशिवाय आणि लोकेशन चालू केल्याशिवाय बीएलईचा शोध रिकामा येतो. १२ पासून पुढे जवळची उपकरणे शोधण्याची वेगळी परवानगी मागितली जाते.

येथे थांबून एक गोष्ट मात्र मनापासून सुचवतो. पुढचे काहीही जोडण्याआधी बोर्ड चार्जरला लावून कूलरजवळ ठेवावा, फोन घेऊन पलंगापाशी उभे राहावे आणि ॲपमध्ये नावाच्या शेजारी दिसणारा संकेताचा आकडा पाहावा. हा आकडा उणे असतो. उणे ५०-६० असेल तर जोडणी भक्कम आहे, उणे ९० च्या आसपास असेल तर ती रात्रीत तुटणार हे धरून चालावे. खिडकीबाहेरच्या लोखंडी कूलरच्या आत बोर्ड ठेवला तर पत्रा लहरी अडवतो. तोच बोर्ड डबीत घालून खिडकीच्या चौकटीवर ठेवला, तर आकडा लगेच सुधारलेला दिसेल. दहा मिनिटांचे हे काम आहे आणि त्यावरच पुढची सगळी मांडणी ठरते.

पाण्याची पातळी ओळखण्यासाठी चुंबकावर चालणारा, दोन तारांचा फ्लोट स्विच घ्यावा. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा चार पिनांचा सेन्सर लोकप्रिय आहे, परंतु त्याचा नेहमीचा प्रकार ५ व्होल्टवर चालून तितक्याच दाबाचा संकेत परत देतो, आपल्या बोर्डाच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या आहेत. शिवाय कूलरच्या दमट हवेत तो फार टिकत नाही. पाण्यात नुसत्या दोन तारा सोडण्याची युक्तीही टाळावी, कारण थोड्याच दिवसांत त्यांच्यावर क्षारांचा थर चढतो. फ्लोट स्विचची एक तार ग्राउंडला, दुसरी ४ क्रमांकाच्या पिनला जोडावी आणि प्रोग्रॅममध्ये ती पिन ‘इनपुट पुलअप’ म्हणून घोषित करावी. मग स्विच मिटला की पिनवर ० आणि उघडला की १ वाचला जातो. पंप चालू असताना पाणी सतत हेलकावते, त्यामुळे स्विच काठावर आला की क्षणाक्षणाला ०-१ असे नाचू लागतो. एकच स्थिती सलग पाच सेकंद टिकली तरच ती खरी मानावी, एवढी अट प्रोग्रॅममध्ये घातली की हा त्रास संपतो.

ही स्थिती सूचनाफलकावरच्या आपल्या कागदावर, ज्याला बीएलईच्या परिभाषेत कॅरेक्टरिस्टिक म्हणतात, लिहावी आणि त्याला वाचनाबरोबर ‘नोटिफाय’, म्हणजे बदल झाला की कळवण्याचा, गुणही द्यावा. नोटिफाय चालण्यासाठी २९०२ क्रमांकाचा एक छोटा जोडकागद लागतो. आपल्या संचात तो आपोआप लागत नसेल, तर प्रोग्रॅममध्ये स्वतः जोडावा लागतो. आणखी एक खाचखळगा येथेच आहे. फोन एकदा जोडला जाऊन तुटला की बोर्डाची जाहिरात थांबलेली असते, म्हणून जोडणी तुटल्याच्या वेळी जाहिरात पुन्हा सुरू करण्याची ओळ लिहावीच लागते. ती नसेल तर पहिल्यांदा सगळे उत्तम चालते आणि दुसऱ्यांदा बोर्ड दिसतच नाही. प्रोग्रॅम बदलूनही फोनवर जुनीच मांडणी दिसत राहिली, तर फोनचे ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करावे, कारण फोन जुनी यादी स्मरणात धरून ठेवतो.

आपण पुढे तापमानही मोजणार असाल, तर एक उदाहरण आत्ताच देऊन ठेवतो. तापमानासाठी २ए६ई हा सर्वमान्य क्रमांक ठरलेला आहे आणि त्यात अंशाचा शंभरावा भाग हे एकक धरून पूर्णांक लिहायचा असतो. गच्चीवर ४३.२५ अंश असतील, तर ४३२५ ही संख्या पाठवायची. षोडशमान पद्धतीत ती १०ई५ अशी होते, पण बीएलईमध्ये धाकटा बाइट आधी जातो, म्हणून फोनवर ‘ई५ १०’ असे उलटे दिसते. आपण गणितही शिकवले असेल, तर हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. पुढे कोणताही सेन्सर जोडला तरी तो उपयोगी पडेल.

एनआरएफ कनेक्ट हे तपासणीचे ॲप आहे, ते आपल्याला रात्री उठवणार नाही. त्यासाठी बोर्डालाच एक छोटा बझर लावणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. अँड्रॉइडपुरते ॲप स्वतः तयार करायचे असल्यास एमआयटी ॲप इन्व्हेंटरमध्ये बीएलईची जोड घेऊन ते करता येते. वीज चार्जरमधूनच द्यावी. इतक्या कमी विजेवर अनेक पॉवर बँका काही वेळाने स्वतःहून बंद होतात.

आणि कृपा करून या टप्प्यावर रिले (बोर्डाच्या संकेतावर चालणारा विजेचा स्विच) लावून पंप फोनवरून चालू-बंद करण्याच्या मागे लागू नये. कूलरमध्ये पाणी, लोखंडी पत्रा आणि २३० व्होल्ट एकत्र असतात आणि विजेचा धक्का बसण्याच्या दुर्घटना तेथे होतात. फ्लोट स्विच बसवताना कूलरचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा, नुसते बटण बंद करून टाकीत हात घालू नये. त्याच्या दोन तारा पंपाच्या तारेपासून दूर, वेगळ्या भोकातून बाहेर आणाव्यात.

प्रश्न : मी हिंगणा मार्गावरील एका तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एचसी-०५ हे ब्लूटूथचे मॉड्यूल अर्डुइनो उनो या बोर्डाला जोडले आहे. एटी आज्ञांना, म्हणजे मॉड्यूलची मांडणी बदलण्याच्या लेखी सूचनांना, ते उत्तरच देत नाही आणि ते जोडलेले असताना उनोवर प्रोग्रॅमही चढत नाही. मॉड्यूल जळले असावे का?

उत्तर : त्यावरचा दिवा भरभर लुकलुकत असेल तर ते जिवंत आहे आणि फोनची वाट पाहत आहे. प्रोग्रॅम न चढण्याचे कारण असे की आपण ते ० आणि १ या पिनांना जोडले असणार. उनोची यूएसबी जोडणीही त्याच दोन पिना वापरते, त्यामुळे दोघांची बोलणी एकमेकांत मिसळतात. मॉड्यूल १० आणि ११ वर न्यावे आणि सॉफ्टवेअर सिरीयल, म्हणजे इतर पिनांवरून अशी बोलणी चालवणारी प्रोग्रॅमची जोड, वापरावे. मॉड्यूलची टीएक्स (पाठवणारी पिन) उनोच्या आरएक्स (घेणारी) म्हणून ठरवलेल्या पिनला आणि आरएक्स टीएक्सला, अशी अदलाबदल करायला विसरू नये.

एटी आज्ञांसाठी मॉड्यूलवरचे बारीक बटण दाबून धरूनच त्याला वीज द्यावी लागते. दिवा सुमारे दोन सेकंदांना एकदा असा संथ लुकलुकू लागला की ते आज्ञा ऐकण्याच्या अवस्थेत आले. या अवस्थेत वेग ३८४०० असतो, एरवीच्या कामात तो बहुधा ९६०० असतो, आणि प्रत्येक आज्ञेच्या शेवटी सिरीयल मॉनिटरमधून ‘एनएल’ आणि ‘सीआर’ ही ओळ संपल्याची दोन्ही चिन्हे जावी लागतात. इतके जुळले की ‘एटी’ लिहिताच ‘ओके’ येईल. पेअरिंगचा संकेतांक सहसा १२३४ असतो.

एक काळजी आजच घ्यावी. या मॉड्यूलला वीज ५ व्होल्टची चालते, परंतु त्याची आरएक्स पिन ३.३ व्होल्टचीच आहे. उनोची ५ व्होल्टची टीएक्स थेट तिला जोडल्यास ते काही दिवस चालते, म्हणून अनेक जण तसेच ठेवतात. मला ते पटत नाही. टीएक्सपासून १ किलोओहमचा रोधक, त्यापुढे आरएक्सचा सांधा आणि त्या सांध्यापासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा रोधक लावला, की सांध्यावर ३.३ व्होल्टच पोहोचतात. प्रकल्पाच्या परीक्षेत या दोन रोधकांचे कारण विचारले गेले तर त्याचेही उत्तर आपल्याकडे असेल. मात्र परीक्षकांसमोर आयफोनवर हे दाखवण्याचा बेत असेल तर तो सोडावा. एचसी-०५ फक्त क्लासिक पद्धत जाणते, कारण वर दिलेलेच आहे.

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. विहिरीवरील मोटार चालू आहे की नाही हे ३०० मीटरवरील घरात अशाच बोर्डाने, ब्लूटूथवर कळू शकेल का?

उत्तर : या बोर्डांनी भरवशाने कळणार नाही. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पानांतील पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे मोकळ्या मैदानात जो पल्ला मिळेल तो भरल्या बागेत मिळत नाही, आणि पावसाळ्यात झाडे ओली असताना तो आणखी घटतो. आपल्याला लोरा हे लांब पल्ल्याचे बिनतारी तंत्र घ्यावे लागेल. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या शक्तिमर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून मॉड्यूल घेताना त्यावर ४३३ लिहिले आहे की ८६८, हे पाहून ८६८ चे घ्यावे आणि प्रोग्रॅममध्ये वारंवारता ८६६ मेगाहर्ट्झ ठेवावी. अँटेना जोडल्याशिवाय त्याला वीज देऊ नये.