बुकिंग रद्द केलं तर ॲडव्हान्स बुडतोच का?

दिवेआगरचा बंगला रद्द केलात, मालक 'नॉन-रिफंडेबल' म्हणत दहा हजार दाबून बसलाय, तर पैसे गेले का असं तुम्ही विचारलंय. गेले नाहीत, एवढ्यात सोडू नका.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत आमचं तारकर्लीचं ठरलं होतं. आम्ही चौघं, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं आणि सासूबाई. तीन खोल्या, 15,000 ॲडव्हान्स माझ्या खात्यातून गेला कारण "वहिनी, तुम्हीच करा, तुम्हाला जमतं". निघायच्या बारा दिवस आधी भाऊजी म्हणाले सुट्टी नाही, आणि ते नाहीत तर सासूबाई पण नाहीत, मग नाशिकच्या इंदिरानगरातून आम्ही चौघंच एवढ्या लांब कशाला जायचं म्हणून सगळंच रद्द. मालक म्हणाला सीझन आहे, रुपया मिळणार नाही. मी दोन दिवसांनी बहिणीला त्याच तारखांसाठी फोन करायला लावला तर उत्तर आलं, "ताई, सगळं फुल्ल." म्हणजे आमच्या खोल्या परत विकल्या आणि आमचे पैसेही ठेवले! मग व्हॉट्सॲपवर सरळ लिहिलं, की 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईपुरतंच पैसे घेऊ देतं, आणि 2019 च्या ग्राहक कायद्यात नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार अन्यायकारक धरलाय. तक्रार मी नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करणार, राहत्या ठिकाणी करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पण नाही. चौथ्या दिवशी 11,000 आले.

राहिलेले चार हजार मात्र मी एकटीने भरले. भाऊजींना निम्मे मागितले तर म्हणे बुकिंग तुमच्या नावावर होतं. नाव माझं होतं म्हणून मालकाशी मी भांडले ना? ज्याच्यामुळे रद्द होतं त्यानेच भरायचं, मी आजही घरात हेच म्हणते, सासूबाईंना आवडो न आवडो. तुमच्यातलं कोणी मागे फिरलं असेल तर त्याचा हिस्सा आत्ताच मागा, सणावाराला भेटल्यावर तो विषय निघत नाही.

आणि हो, तुम्ही अगदी दोन दिवस आधी रद्द केलं असेल आणि बंगला खरंच रिकामा राहिला असेल तर मालकाचंही नुकसान झालंय, तिथे पूर्ण रकमेसाठी ताणू नका. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, पण स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.