‘तूट भरून काढली’, मग ती राहिली कशी?

प्रश्न असा आला आहे: एक बातमी म्हणते, ‘सरकारने कर्ज काढून तूट भरून काढली’. दुसरी त्याच वर्षाबद्दल म्हणते, ‘राजकोषीय तूट देशाच्या उत्पन्नाच्या 6 टक्के राहिली’. यातले खरे कोणते?

दोन्ही खरी आहेत. घोटाळा आहे तो ‘भरून काढणे’ या क्रियापदात. झोपेची तूट भरून काढली की ती संपते. राजकोषीय तूट म्हणजे मात्र एकूण खर्चातून कर्जाखेरीज बाकी सगळी जमा वजा केल्यावर उरते ती रक्कम. कर्ज जमेत धरायचेच नाही, असे व्याख्येतच ठरलेले आहे. म्हणून कर्जाने तूट मिटत नाही, ती भागते. मिटवायची तर कर वाढवा, नाहीतर खर्च कापा. ‘तूट भागवण्यासाठी कर्ज काढले’ असे लिहिले की गोंधळ उरत नाही.

पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘तुटीचा अर्थभरणा’ हा शब्द आहे. पण भारतीय अर्थशास्त्रात त्याचा रूढ अर्थ बराच अरुंद आहे: मध्यवर्ती बँकेकडून, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडून, उचल घेऊन, म्हणजे नवा पैसा निर्माण करून, तूट भागवणे. लोकांना रोखे विकून काढलेल्या कर्जाला तो सरसकट लावू नये.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे तूट आणि कर्ज यांची अदलाबदल. तूट एका वर्षाची असते; कर्ज म्हणजे आजवरची साठलेली बाकी. समजा, वर्षाच्या सुरुवातीला कर्ज 200, वर्षाचा खर्च 100 आणि कर्जेतर जमा 82. तूट 18, वर्षअखेर कर्ज 218. पुढच्या वर्षी तूट 15 झाली, तर कर्ज 233. आता देशाचे उत्पन्न पहिल्या वर्षी 300 आणि दुसऱ्या वर्षी 330 धरा. कर्जाचे उत्पन्नाशी प्रमाण सुमारे 72.7 टक्क्यांवरून 70.6 टक्क्यांवर आले. म्हणजे तूट घटली, कर्ज वाढले आणि कर्जाचे प्रमाण घटले, अशी तिन्ही विधाने एकाच वेळी बरोबर! ‘कर्जभार कमी झाला’ असे नुसते लिहिणाऱ्याने यातले काय कमी झाले ते सांगायलाच हवे.

वरच्या 18 मध्ये व्याज 12 असेल, तर ते वगळून उरलेली 6 ही ‘प्राथमिक तूट’. नाव फसवे आहे खरे: ‘प्राथमिक’ म्हणजे सुरुवातीची किंवा कच्च्या अंदाजाची नव्हे. जुन्या कर्जाचे व्याज बाजूला ठेवले, तर यंदाच्या कारभाराने किती खड्डा पाडला, ते ती सांगते. ‘महसुली तूट’ निराळी: पगार, अनुदाने, व्याज असा चालू खर्च महसुली उत्पन्नापेक्षा जितका जास्त, तितकी ती.

मुद्दलाची परतफेड राजकोषीय तुटीच्या खर्चात धरत नाहीत. जुने 10 चे रोखे यंदा मुदत संपून फेडायचे असतील, तर सरकार बाजारातून 28 उचलेल. ही ‘ढोबळ’ कर्जउभारणी; ‘निव्वळ’ 18च. मथळ्यात बहुधा मोठा आकडा येतो आणि वाचणारा तेवढे कर्ज वाढले असे समजतो.

‘राजकोषीय’ की ‘वित्तीय’? दोन्ही चालतात, पण ‘वित्तीय’ हा शब्द बँका आणि भांडवल बाजारासाठीही वापरात असल्याने मला ‘राजकोषीय’ निःसंदिग्ध वाटतो. ‘राष्ट्रीय कर्ज’ मात्र टाळावे, ‘सरकारी कर्ज’ लिहावे. देशातल्या कंपन्या आणि कुटुंबे यांची कर्जे त्यात नसतात. उलट ‘परकीय कर्जा’च्या आकड्यात खासगी कंपन्यांनी बाहेरून घेतलेली कर्जेही येतात, त्यामुळे तो आकडा सरकारी कर्जाचा भाग म्हणून देणे चूक.

आणि तूट 6 टक्क्यांवरून 5 वर आली, तर ‘1 टक्क्याने घटली’ लिहू नका. 6 चा 1 टक्का म्हणजे 0.06. ‘6 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली’ हेच लिहा.