जाळ्यांसकट आरामात 12 नॉट

प्रश्न : हर्णैजवळ आमची 24 फुटी फायबरची होडी आहे. मासेमारी मी आणि दोन खलाशी मिळून करतो. 14 महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका डीलरकडून 9.9 अश्वशक्तीचं ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन) सव्वादोन लाखांना घेतलं. होडीचे फोटो बघून त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'जाळ्यांसकट आरामात 12 नॉट'. प्रत्यक्षात रिकामी होडी 7 जाते, जाळी भरली की 6. डीलर म्हणतो, वेगाची वॉरंटी नसते, इंजिन चालतंय ना? पैसे परत मिळतील का?

उत्तर : मिळू शकतात. पण 'इंजिनाला ताकद नाही' एवढंच लिहून तक्रार केलीत, तर बहुधा हराल. खोल बसलेली होडी एका मर्यादेनंतर स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्यालगतची लांबी 21 फूट धरली, तर ही वेस साधारण 6 नॉटवर येते. त्यापुढे जायचं तर होडी पाण्यावर उचलली गेली पाहिजे, आणि तीन माणसं, जाळी, बर्फ एवढं ओझं घेऊन 9.9 ला ते झेपत नाही. तज्ज्ञ येईल, इंजिन ठणठणीत असल्याचा अहवाल देईल आणि डीलर हसत बाहेर पडेल.

म्हणून त्याचा शब्द धरा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(10) मध्ये 'दोष' म्हणजे फक्त मोडतोड नव्हे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्यात पडलेली उणीवही दोषच. त्याने तुमची होडी पाहिली होती, ओझं ठाऊक होतं, तरी 12 लिहिलं. वॉरंटी कार्डावर वेगाचा उल्लेख नसला तरी हा मेसेज आहेच. तो फोन जपा, विकू नका, चॅट पुसू नका. तक्रारीला प्रिंट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्रही जोडा.

डीलरचा वकील पहिला मुद्दा काढेल की मासेमारी हा धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने 'व्यापारी हेतू'त धरली जात नाही. हाताखाली एकदोन माणसं असली म्हणून हे बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स खटल्यात सांगितलंय. होडीवर तुम्ही स्वतः जाता, हे शपथपत्रात स्पष्ट लिहा.

तरीही इंजिन एकदा तपासून घ्याच. पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम (मिनिटाला फेरे) हवेत ते मॅन्युअलमध्ये असतं, टॅकोमीटर लावून बघा. आकडा कमी पडत असेल तर पंखा जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर कापू पाहणारा, असेल, नाहीतर इंजिनात खोट असेल. पंखा चुकीचा असला तर कमी पिचचा बसवून आरपीएम वर येतात, भांडण तिथेच मिटूही शकतं. एक प्रश्न विचारतो, रागावू नका : टाकीत रॉकेल मिसळता का? इंजिन पेट्रोलचं असेल तर ताकदही घटते आणि वॉरंटीही हातची जाते. तसं असेल तर वकिलाला आधीच सांगा, समोरच्याकडून कळू देऊ नका.

आता डीलर आणि उत्पादक दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस द्या. चाचणीची तारीख कळवा, माणूस पाठवा म्हणा. नाही आला तरी चाचणी घ्या : तेवढंच ओझं, जीपीएस, एकदा प्रवाहाबरोबर, एकदा उलट, आणि दोन्हींची सरासरी. तोवर गावच्या मेकॅनिकला इंजिन उघडू देऊ नका.

मुंबईला खेपा घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 नुसार तुम्ही राहता त्या रत्नागिरी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि डीलरशी फोनाफोनी चालू आहे म्हणून ती थांबत नाही. तुमच्या हातात 10 महिने आहेत. मागणी करताना इंजिन परत घेऊन पूर्ण रक्कम द्या, आणि पर्याय म्हणून पंखा बदलून नुकसानभरपाई द्या, अशा दोन्ही मागण्या लिहा.

आणि चाचणीआधी होडी वर ओढून तळ खरवडून घ्या, फोटो काढा. नाहीतर शेवाळ आणि शिंपल्यांचं खापर पहिल्याच तारखेला तुमच्यावर फुटेल.