टेबल आणलं, पण ती तिथे बसतच नाही

"मॅडम, टेबल आणलं, खेळणी मांडून दिली, पण ती तिथे पाच मिनिटंही टिकत नाही. तिला एकाग्रताच नाही का?"

गेल्या दोन वर्षांत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या आयांनी विचारलाय की एका घराची गोष्ट सविस्तर सांगावी असं वाटलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला आपण ओवी म्हणू.

ओवी पावणेचार वर्षांची. दोन बेडरूमचा फ्लॅट, आईबाबा दोघं नोकरीला, घरी आजी. आईने मोबाइलवर फोटो दाखवला. लहान बेडरूममध्ये खिडकीपाशी पांढरं टेबल, दोन छोट्या खुर्च्या, भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, शेजारी खेळण्यांनी गच्च भरलेलं रॅक. हौसेने मांडलेलं होतं सगळं.

"आणि ओवी कुठे असते?"

"ओट्याखाली. कढईवरचं झाकण आणि वाट्या घेऊन." हे सांगताना तिचा आवाज पडला होता. शाळेतल्या बाईंनीही 'जागेवर बसत नाही' असं सांगितल्यामुळे दोघं धास्तावले होते.

मी ओवीला लगेच बोलावलं नाही. घराचा साधा नकाशा काढायला सांगितला. चार दिवस ती जिथे बसून खेळेल तिथे एक ठिपका द्यायचा, बस. टेबलाकडे बोलवायचं नाही, हाकही मारायची नाही.

पुढच्या वेळी आजीही आल्या आणि कागद त्यांच्याच पिशवीतून निघाला. एकूण एकतीस ठिपके. त्यातले एकोणीस स्वयंपाकघराच्या दाराच्या आसपास, टेबलाजवळ दोन. "त्यातला एक औषध चुकवायला लपली होती तेव्हाचा," बाबा म्हणाले. आजींनी मात्र मी न सांगताच प्रत्येक ठिपक्याशेजारी पेन्सिलने मिनिटं लिहिली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एका ठिकाणी लिहिलं होतं, '४० मि.'

मी कागद आईसमोर सरकवला. "ही मुलगी चाळीस मिनिटं एका जागी बसते."

"पण ते काय खेळणं आहे? वाट्याच तर मांडते."

"काय मांडते?"

उत्तर आजींनी दिलं. "दुकान. मला रोज साखर विकते. पैसे कमी दिले तर परत पाठवते."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी आईच्या शिलाई मशीनखाली खेळायचो. त्या पायडलजवळ. माझी बस होती ती."

आजी त्यांच्याकडे वळल्या. "अरे, मला गिऱ्हाइकांचे कपडे द्यायचे असायचे. तू पायाशी असलास की मला काळजी नसायची. आणि तुलाही मी दिसत असायचे."

इतकी वर्षं या खोलीत बसल्यावर मला एक कळतं: असं वाक्य आलं की समुपदेशकाने तोंड मिटून बसावं. मीही गप्प राहिले. आईने नकाशा पुन्हा हातात घेतला, एकोणीस ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "म्हणजे ती टेबल टाळत नाहीये. आम्ही तिथे नसतो."

ब्रिटिश बालमनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ मध्ये मांडलेला एक विचार माझ्या कामाचा पाया आहे. एकट्याने रमण्याची ताकद मुलाला येते ती जवळ विश्वासाचं माणूस असताना. माणूस जवळ आहे याची खात्री असली की मूल त्याला विसरून खेळात बुडतं. दुसऱ्या खोलीत एकटं बसवलं तर त्याचं अर्धं लक्ष 'आई कुठे आहे' यातच अडकतं, आणि आपण त्याला चंचल म्हणतो.

आपल्याकडे हे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी प्रत्यक्षात करून दाखवलं. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावी बालवाडीचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला आहे. शिंपले, बिया, पानं, खडे हीच तिथली साधनं. ओवीच्या आईबाबांना मी एवढंच म्हटलं, की टेबल तिच्या अंगणात न्या.

टेबल हललं. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, हॉलच्या कोपऱ्यात. जाण्यायेण्याच्या वाटेतून थोडं बाजूला, पण ओटा दिसेल असं. गॅस आणि गरम भांड्यांपासून लांब, हे मी बजावून सांगितलं होतं. तरी आठवड्याने फोन आला. ओवी बसते, पण संध्याकाळी रडारड होते.

कारण आजींच्या शिस्तीत होतं. दिवेलागणीच्या आत घर आवरलेलं हवं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम, त्यामुळे रोज सहाला दुकान मोडायचं. मी त्यांना नेम सोडायला सांगितलं नाही. विचारलं, "तुमचं ब्लाउज शिवायचं अर्धं राहिलं तर रात्री काय करायचात?"

"मशीनवर कापड टाकायचे..." आणि त्या थांबल्या. "म्हणजे हिच्या दुकानावर जुनी ओढणी टाकली तर?"

ही युक्ती मला सुचली नव्हती. त्यानंतर मी ती किती घरांना सांगितली असेल! अर्धवट खेळ दुसऱ्या दिवशी तसाच सापडला की मूल तिथून पुढे जातं. रोज शून्यातून सुरुवात करावी लागली तर खेळ वरवरचाच राहतो. एकाग्रता वाढवायची असेल तर मी सगळ्यात आधी या ओढणीची शिफारस करते.

आता जे सगळे विचारतात ते. बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे. मीटरभर उंचीच्या मुलाला साधारण २६ सेंटिमीटरची बैठक आणि ४६ सेंटिमीटरचं टेबल बसतं. विकत घ्यायलाच हवं असं नाही. चौरंग समोर ठेवून मूल खाली मांडी घालून बसलं तरी काम झालं, आणि मला तर तेच जास्त आवडतं. टेबलावर एका वेळी चार-पाचच गोष्टी ठेवा, बाकीच्या माळ्यावर, आठवड्याने अदलाबदल. अमेरिकेत टोलेडो विद्यापीठात ३६ लहान मुलांचं खेळणं पाहिलं गेलं. सोळाऐवजी चार खेळणी समोर असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके, मणी, राजमा टेबलावर नकोतच. मुळाक्षरांचा तक्ता तिथून काढा. आणि मूल रंगलेलं असताना 'हा कुठला रंग?' असं विचारायला जाऊ नका, कृपा करून.

मात्र मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोलणं वयाच्या मानाने मागे असेल किंवा कुठेच, कशातच रमत नसेल, तर टेबल हलवत वेळ घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

ओवीला मी शेवटच्या भेटीतच पाहिलं. माझ्या खोलीत मुलांसाठी एक छोटं टेबल आहे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. ती आली, क्षणभर उभी राहिली, मग दोन्ही हातांनी खुर्ची ओढत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेली. तिथून आई दिसत होती. बसली आणि खडे मांडायला लागली. पुढचा पाऊण तास तिने आमच्याकडे वर पाहिलं नाही.

ती खुर्ची मी अजून तिथेच ठेवली आहे.