जॉबरला सहज सुचेल त्याला पेटंट मिळते का?

प्रश्न : सोलापूरच्या एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. लूपच्या धाग्याचे बीम, म्हणजे धागा गुंडाळलेला दंड, रिकामे होत जाते तसा ताण बदलतो आणि टॉवेलवरील लूप कमी-जास्त होतात. बीमला टेकणारा रूळ, एक तरफ आणि स्प्रिंग जोडून मी हा ताण आपोआप सांभाळला जाईल अशी सोय केली आहे. शेजारचे कारखानदार म्हणतात, हे कोणताही जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा कारागीर, करील. मग पेटंटसाठी अर्ज करावा का?

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांनी नकळत कायद्याच्याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. पेटंट कायदा, 1970 नुसार शोधात विद्यमान ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही, असावे लागते आणि शिवाय तो त्या विषयातील जाणकाराला उघडपणे सुचण्याजोगा नसावा लागतो. यातला 'आणि' पुष्कळ अर्जदार वाचताना गाळतात. आपली मजुरी वाचत असेल तर पहिली अट कदाचित पुरी होईल. दुसरी तेवढ्याने होत नाही. येथे जाणकार म्हणजे अनुभवी जॉबरच, फक्त या विषयावर आधी प्रसिद्ध झालेले सारे त्याला ठाऊक आहे असे धरले जाते.

बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये, लेथवर भांडे धरून ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट टिकू दिले नाही, कारण ज्ञात साधनातील सुधारणा ही कारखान्यात एरवीही होत असणाऱ्या सुधारणेहून काही अधिक असली पाहिजे. बीमचा घेर चाचपून ताण बदलणाऱ्या यंत्रणा विणकामात पूर्वीपासून आहेत. तेव्हा 'रूळ, तरफ आणि स्प्रिंग' एवढ्यावर मागितलेला हक्क मला टिकेलसा वाटत नाही. सोपेपणा मात्र दोष नव्हे. उत्तर कळल्यावर सगळेच सोपे भासते, आणि हे मागाहूनचे शहाणपण परीक्षकानेही बाजूला ठेवायचे असते.

लूपचा ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, मुळात सैल ठेवावा लागतो, त्यामुळे रुळाचा दाबच बीमला अडवू शकतो. ही अडचण आपण कशी सोडवली याबद्दल पत्रात एक ओळही नाही, आणि पेटंटजोगे काही असलेच तर ते तिथेच असेल. जर्मनीत लहान सुधारणांसाठी वेगळे, कमी मुदतीचे संरक्षण आहे, तसे आपल्याकडे नाही.

फसलेले प्रयोग, मोडलेले सुटे भाग आणि तारखा जपून ठेवा, इतर कारखान्यांत ही सोय दाखवू नका, आणि मुंबईच्या पेटंट कार्यालयात तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करा. संपूर्ण तपशील त्यानंतर 12 महिन्यांच्या आत द्यावा लागेल.