पात्राबद्दल बोल

दांडिया बाजार, वडोदरा
रविवार, रात्री

प्रिय पोरी,

काल तू आलीस, चहा निवून गेला, लीला चेवडा बशीत तसाच राहिला, आणि तासभर तू एकच वाक्य घोळवत बसलीस. नववीतली ती मुलगी बुक क्लबच्या गोलात म्हणाली, "मम्मीने कहे तोय शुं? कोई माने नहि." मम्मीला सांगून तरी काय, कोणी खरं मानत नाही. आणि मग पेनाचं टोपण चावत खाली बघत राहिली. तू पुढचं पान वाचायला घेतलंस. आता तुला झोप नाही. तिथल्या तिथे विचारायला हवं होतं का? निदान तास सुटल्यावर थांबवून घ्यायला हवं होतं का?

काल मी उत्तर दिलं नाही. तुझी रिक्षा सुरसागरच्या दिशेने वळली तरी मी जिन्यातच उभी होते, आणि माझाच मला राग आला. म्हणून लिहिते आहे.

विचारायचं नव्हतं. पुढचं पान उघडलंस हे उत्तम केलंस. त्याचं तुला इतकं वाईट वाटतंय याचाच मला वैताग आलाय. गोलात बसलं की पात्राबद्दल बोलायचं. समोरच्या पोरीबद्दल बोलायचं नाही. हे मी तुला दहा वेळा सांगेन, आणि अकराव्यांदा तू विसरशील हेही मला ठाऊक आहे.

पुस्तक तूच निवडलंस ना? लॉरी हॉल्स अँडरसनची 'स्पीक' ही अमेरिकन कादंबरी १९९९ सालची आहे, काही नवी नाही. मग तूच ते नीट वाचलेलं दिसत नाही. त्यातली मुलगीही नववीतच आहे. सुट्टीतल्या पार्टीत तिच्यावर अत्याचार झालाय, तिने पोलिसांना फोन केला म्हणून सगळ्या मैत्रिणी तुटल्यात, आणि ती बोलणंच सोडून देते. आईबाप, शाळा, सगळे तिला कोपऱ्यात घेऊन विचारतात, तुला झालंय तरी काय. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. चित्रकलेचा मास्तर काय करतो? एका फुटक्या पृथ्वीगोलात चिठ्ठ्या घालतो, हिच्या वाट्याला 'झाड' येतं, आणि वर्षभर ती झाड काढते. लिनोलियमवर कोरते, टर्कीची हाडं चिकटवते, फसते, पुन्हा काढते. तो झाडाबद्दल बोलतो. झाडाबद्दलच. दार तेवढं उघडं ठेवतो.

तुझ्या गोलातलं झाड म्हणजे ती कादंबरी. ती मुलगी तिच्या आडून बोलली. आड आहे म्हणून बोलू शकली. तो आडोसा तू काढून घेतलास की ती उघडी पडली, आणि मग ती परत तुझ्या वाटेला येत नाही.

हे मला कोणा तज्ज्ञाने सांगितलेलं नाही. मी करून बसले आहे. वीस-बावीस वर्षं झाली. शनिवारी शेवटच्या दोन तासिका, लायब्ररीत सतरंजी, बारा-तेरा मुली. दारूड्या बापाची एक कादंबरी चालली होती. आठवीतली एक पोर म्हणाली, आई घर का सोडत नाही ते मला कळतं, तिला पिशवी कुठे ठेवायची ते माहीत नाही. पिशवी! एवढी बारीक गोष्ट पुस्तकात कुठेही नव्हती. आणि मी, अगदी मायेने, आवाज मऊ करून विचारलं, "तुझ्या घरी असं काही आहे का गं?"

बारा माना तिच्याकडे वळल्या. ती हसली. "ना टीचर." पुढच्या शनिवारी आली नाही. पुस्तक वर्गातल्या दुसऱ्या मुलीबरोबर परत पाठवलं. मी मागचा खिसा उघडला आणि कार्ड बघितलं, तर त्याच पुस्तकावर हजेरी क्रमांक २७ तीनदा होता. तीन शिक्के. तिने ते तीनदा नेलं होतं. ती वर्षभर माझ्याशी बोलतच होती म्हण, मला ऐकू आलं नव्हतं.

आता तू म्हणशील, बाई, तुमचा हेतू चांगला होता. होताच. तेव्हा शाळेत समुपदेशक नव्हते, एका वर्गात चौपन्न मुलं, आणि लायब्रेरियन म्हणजे दाखल रजिस्टर भरणारी बाई असं वरच्यांचं ठाम मत. आम्हाला कोणी शिकवलं होतं? मी क्लब चालवला तोच मुळात कुणाची परवानगी न घेता. दुसरी कोणी असती तर तिने ते पुस्तक कपाटाबाहेरसुद्धा... जाऊ दे. चौपन्न मुलांचा आणि त्या प्रश्नाचा काय संबंध? काही नाही. तो प्रश्न मी माझं मन हलकं व्हावं म्हणून विचारला होता. तुलाही आत्ता तेच हवंय, नीट बघ.

पण थांब. याचा अर्थ हातावर हात धरून बसायचं असा काढलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. गोलात विचारायचं नाही. गोलाबाहेर तुझी जबाबदारी दुप्पट. उद्या सकाळी समुपदेशक बाईंना भेट आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांग, कुठल्या पानावर बोलली तेही सांग. आपल्या वेळी ही सोय नव्हती, तुझ्याकडे आहे. आणि ती आपणहून तुझ्याकडे आली, तर बस आणि ऐक. "मी कोणालाही सांगणार नाही" हे वचन चुकूनही देऊ नकोस, कारण ते तुला पाळता येणार नाही. खोदून खोदून कधी, कुठे, का विचारू नकोस. जे म्हणाली ते त्याच दिवशी लिहून ठेव. २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, अठराच्या आतल्या प्रत्येक मुलासाठी आहे. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी धास्ती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "आधी घरच्यांशी बोलून बघू, शाळेचं नाव आहे" असं कोणी म्हणालं तर त्याला हे ऐकव. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लायब्ररीच्या दारामागे मोठ्या अक्षरात लाव. मुलांच्या बाजूने वाचता येईल असा.

आणि तुझे प्रश्न बदल. "तू तिच्या जागी असतीस तर?" हा प्रश्न आजपासून बंद. वरून गोड दिसतो, पण आत तीच चौकशी आहे. त्यापेक्षा विचार, या पानावर ती काय लपवतेय? कोणाच्या लक्षात आलंय? लेखिकेने इथेच प्रकरण का संपवलं? ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं बसावं.

एक प्रत न नोंदवता कोपऱ्यात वाचायला ठेव. कार्डावरचे नंबर पोरीही वाचतात. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनना बोलावून वाचनालयांचं जाळं उभं केलं, तेव्हापासून या गावाला उघड्या कपाटांची सवय आहे. करजणकडे मास्तरकी करणारे माझे आजोबा सांगायचे, फिरत्या वाचनालयाची पेटी गावात आली की चावडीवर उघडायची आणि मास्तरने लांब जाऊन विडी ओढायची. कोण काय उचलतं ते बघत उभं राहिलं तर पेटी भरलेलीच परत जाते. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशीवरून आम्ही शाळकरी पोरी फिरायचो, तेव्हाही हे पुस्तक का घेतलंस असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

पालकांचं मला फारसं कौतुक नाही. "मुलांना असलं रडकं कशाला?" म्हणणाऱ्यांच्या घरी 'श्यामची आई' असते. कर्ज, घराचा लिलाव, आईचा मृत्यू, सगळं आहे त्यात, आणि साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं. त्यांना एवढं सांग आणि विषय संपव. मुख्याध्यापकांना मात्र लेखी कळव, माझ्यासारखी चोरून क्लब चालवू नकोस.

गुरुवारी गोल नेहमीसारखा घे. तिच्या शेजारी बसू नकोस, समोरही नको. तिच्याकडे जास्त बघू नकोस. झाडाचं प्रकरण वाच.

चेवडा डब्यात भरून ठेवलाय, येताना घेऊन जा. आणखी एक गोष्ट न्यायची आहे. ते २७ नंबरचं कार्ड निवृत्तीच्या दिवशी मी पर्समध्ये टाकून आणलं. शाळेची वस्तू आहे. बरीच वर्षं परत देईन म्हणतेय. तू आलीस की मागून घे, मी आपणहून देणार नाही.

तुझी
बाई