गडगडाटानं अंडी नासत नाहीत, ती आधीच मेलेली असतात

प्रश्न असा आहे: भर वैशाखात गावरान कोंबडी खुडूक बसलीय, पंधरा दिवसांपासून साठवलेली १४ अंडी तिच्याखाली ठेवावीत का? मागच्या खेपेला अवकाळीच्या गडगडाटानं सगळी नासली, तसं पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं? आणि खायला ठेवलेली अंडी दोन-तीन दिवसांत फोडली तरी आत लाल रेघा दिसतात, त्यावर उपाय काय?

ती १४ अंडी ठेवू नका. कारण पुढं सांगतो, पण आधी गडगडाटाचं बोलू, कारण आमच्या परभणीकडं निम्मी माणसं हेच सांगतात. आमचे चुलते अजून टोपल्यात लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवल्याशिवाय कोंबडी बसवू देत नाहीत. एका उन्हाळ्यात १२ अंडी ठेवली, नवव्या रात्री विजांसह वळीव झाला आणि शेवटी पिल्लं निघाली फक्त २. चुलते म्हणाले, खिळा ठेवला नाही म्हणून झालं. मी २३ व्या दिवशी उरलेली दहाही अंडी एकेक करून फोडली. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं घातल्याची तारीख लिहिलेली होती, म्हणून हिशेब लागला.

दहातली ३ अंडी फळलेलीच नव्हती. पिवळा बलक अख्खा, त्यावर नुसता एक पांढरा ठिपका. फळलेल्या अंड्यात त्या ठिपक्याभोवती गोल कडं दिसतं, ते यांत नव्हतं. ४२ अंशांत कोंबडा सावली सोडत नाही, कोंबड्यांवर कमी जातो आणि त्याचं बीजही कमजोर होतं. ४ अंड्यांत रक्ताची गोल रिंग होती. ही खूण बसवल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास मेलेल्या गर्भाची. तारखा बघितल्या तर ही चारही अंडी सगळ्यांत जुनी, बसवताना ११ ते १५ दिवसांची. २ अंड्यांत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पण आतली पांढरी पापुद्र्याची जाळी अंगाला चिकटून वाळलेली. ती विसाव्या-एकविसाव्या दिवशी, कवच फोडता न आल्यानं गेली. आणि १ नासकं. त्याला शेण लागलं होतं म्हणून घरात कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसलं होतं.

आता वीज नवव्या रात्री कडाडली. नऊ दिवसांच्या गर्भाला मोठा काळा डोळा असतो, चोचीचा आकार आलेला असतो, पंख आणि पाय ओळखू येतात. असा एकही गर्भ दहा अंड्यांत नव्हता. चार वळवाच्या पाच-सहा दिवस आधीच मेले होते, दोन त्यानंतर अकरा-बारा दिवसांनी. चुलत्यांना हे दाखवलं, ते मानले नाहीत. पण तुम्ही माना, कारण विजेला दोष दिला की अंडं घातल्यापासून कोंबडीखाली जाईपर्यंतच्या दिवसांकडं कुणी बघतच नाही, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात नुकसान होतं ते तिथंच.

फलित अंडं साधारण २१ अंशांच्या वर गेलं की आतला गर्भ हळूहळू वाढू लागतो. साठवायला १५ ते १८ अंश लागतात. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या फडताळात दुपारी ४० च्या वर जातं. म्हणजे अंडं टोपलीत पडल्या पडल्या उबायला लागतं, पहाटे मंदावतं, दुपारी पुन्हा जोर धरतं. असं चार-पाच दिवस चाललं की गर्भ थकून मरतो किंवा इतका कमजोर होतो की कोंबडीखाली तिसऱ्या दिवशी संपतो. तुमच्या खायच्या अंड्यांतल्या लाल रेघाही याच. ते अंडं शिळं नाही, अर्धवट उबलेलं आहे.

म्हणून उन्हाळ्यात बसवायचं अंडं ४ दिवसांच्या आतलं, फार तर ५. एका गावरान कोंबडीची एवढ्या दिवसांत दोन-तीनच अंडी मिळतात, तेव्हा तीन-चार कोंबड्यांची एकत्र करा आणि ८-९ वर थांबा. थंडीत पंधरा दिवसांच्या साठ्यातूनही बरीच पिल्लं निघतात, त्या हिशेबानं वैशाखात चालू नका.

साठवायला मडक्यात मडकं करा. मोठा माठ किंवा रुंद तोंडाची कुंडी, आत लहान मडकं, दोन्हींच्या मध्ये दोन-तीन बोटं वाळू, वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी. आतल्या मडक्यात कोरडा गव्हाचा भुसा, त्यावर अंडी, निमुळतं टोक खाली. तोंडावर ओलं गोणपाट, पण अंड्याला टेकू देऊ नका. आपल्या कोरड्या हवेत हे छान चालतं. घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात वारा लागेल असं ठेवा. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असेल तर आतली खोली यासाठी पत्र्याच्या घरापेक्षा कितीतरी बरी. अंडी दिवसातून तीनदा गोळा करा: १० वाजता, १ वाजता, ४ वाजता. बहुतेक कोंबड्या दुपारपर्यंत घालून मोकळ्या होतात, पण एक कोंबडी घालायला बसली की ती उठेपर्यंत बाकीच्यांची अंडी तिच्याखाली उबतात. धुवू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. कवचावर जो पातळ थर असतो तो गेला की छिद्रांतून घाण आत जाते. शेण लागलेलं अंडं बसवायला घेऊच नका.

पाण्यात तरंगवून अंडं पारखायची सवयही सोडा. तरंगलं तर ते जुनं, एवढंच त्यातून कळतं. फळलंय की नाही हे कळत नाही, आणि कवच ओलं होतं ते वेगळंच. पारख करायची तर सातव्या रात्री. जाड पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, खालून मोबाईलचा टॉर्च, आणि भोकावर अंड्याचं बोथट टोक टेकवा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर जिवंत. नुसती रिंग दिसली तर काढून टाका. काहीच दिसलं नाही तर तेही काढा, उगाच जागा आणि ऊब खातं.

बसवायची जागा पत्र्याखाली नको. कोंबडीखाली अंड्याला साडेसदतीस-अडतीस अंश हवेत. भोवतालची हवाच ४२ असली तर ती अंडं गार कशी करणार? ती उठून उभी राहते, धापा टाकते आणि शेवटी सोडून जाते. लोखंडी घमेलं वापरू नका, तापतं. बांबूची टोपली किंवा जमिनीतला उथळ खड्डा घ्या, तळाशी चार बोटं ओलसर माती, वर राखेची आणि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची चिमूट, त्यावर गवत किंवा गव्हाचं काड. सोयाबीनचं भुसकट टोचतं आणि ओल लागली की बुरशी धरतं. खालची ती ओलसर माती सोडू नका. मघाशी सांगितलेली दोन पिल्लं तिच्याअभावी गेली. कोरड्या हवेत अंड्यातलं पाणी जास्त उडतं आणि पापुद्रा चिवट होतो. अठराव्या दिवसापासून टोपल्याच्या कडेनं मातीवर ओंजळभर पाणी सोडा, अंड्यांवर नको.

आधी दोन दिवस खोट्या अंड्यांवर बसवून बघा. टिकली तर अंधार पडल्यावर खरी अंडी एकदम ठेवा, रोज एक वाढवत नेऊ नका. पाण्याची वाटी अशी ठेवा की मान लांबवली की पोचेल. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते आणि वैशाखात तहानेनं बसल्या जागी मरूही शकते. रोज पहाटे हातानं उचलून बाहेर सोडा: पाणी, मूठभर ज्वारी, धुळीत लोळणं, पंधरा मिनिटांत परत. पंखाखाली उवा-पिसवा दिसल्या तर राख बदला. अशा किड्यांनी हैराण झालेली कोंबडी अंडी सोडते आणि मग तिलाच नावं ठेवली जातात. वनराज, गिरिराज असल्या सुधारित जातींकडून बसण्याची अपेक्षा धरू नका, त्यांची ती सवयच पैदाशीत कमी केलेली असते.

अंडी नसतील तर खुडूक मोडा. कोंबडीच्या नाकात पीस खुपसणं, पाय बांधून टांगणं, हौदात बुडवणं, हे सगळं बंद करा. तिला त्रास होतो, खुडूक मोडत नाही. पोटाखालची ऊब आणि अंधार यानं ती बसून राहते, तेवढंच काढून घ्यायचं. भाजीचे दोन प्लास्टिकचे कॅरेट तोंडाला तोंड लावून तारेनं बांधा, चार विटांवर ठेवा म्हणजे खालून वारा लागेल. आत गवत नको, तुराट्यांचा आडोसाही नको, फक्त कडुलिंबाच्या झाडाखालची सावली, दाणा आणि पाणी. पहिल्याच दिवशी कोंडली तर ३-४ दिवसांत मोडते, आठवडाभर बसू दिल्यावर वेळ लागतो. सोडल्यावर थेट टोपल्याकडं गेली तर आणखी दोन दिवस. साधारण दोन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. बसूच दिली तर २१ दिवस अधिक पिल्लं सांभाळण्याचे दोन-तीन महिने अंडी नाहीत. वर्षाला जेमतेम ५०-६० अंडी देणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत हा तोटा मोठा आहे.

खायच्या अंड्यांचं थोडक्यात: कोंबडा वेगळा करा. दोन-तीन आठवड्यांनी अंडी फळायची थांबतात, मग उष्म्यात रेघा येणार नाहीत आणि टिकतातही जास्त. हवं तर घातल्या दिवशीच गोडेतेलाचा हलका हात फिरवा. उबवायच्या अंड्याला मात्र तेल कधीच नको, आत गर्भ गुदमरतो. कवच पातळ येत असेल तर कारण उष्मा: धापा टाकण्यानं रक्तातला कर्बवायू कमी होतो आणि कवचाला चुना पुरत नाही. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, दुपारी नुसतं माठातलं गार पाणी.

दोन गोष्टी राहिल्या. माळवदाची गार खोली आणि चार दिवसांची अंडी असतील तर चैत्रात बसवायला माझी हरकत नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३३-३५ अंश लागतातच, ती ऊब तेव्हा फुकट मिळते. पत्र्याच्या घरात मात्र दिवाळी ते महाशिवरात्र हाच काळ धरा. आणि वळवात पत्रा गळून टोपली भिजली, कोंबडी रात्रभर अंड्यांवरून उठून बसली, तर अंडी गार पडून मरू शकतात. तिथं दोष गळतीचा, आवाजाचा नाही.

घरी कुणी तरीही विजेचंच म्हणत असेल तर एकाच कोंबडीखाली ४ अंडी तीन दिवसांच्या आतली आणि ४ अंडी बारा दिवसांची ठेवा. बोथट टोकावर पेन्सिलीनं ताज्यावर त, जुन्यावर ज. वीज कडाडली तर दोन्हींवर सारखीच कडाडेल. २३ व्या दिवशी उरलेली सगळी त्यांच्यासमोर फोडा आणि अक्षरं मोजा.